डॉक्टरांनी ग्लोव्हज घातले होते, पण त्याच हाताने फोनही घेतला. आता?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई 68 वर्षांच्या, डायबेटिस आहे, खालच्या दाढेचं रूट कॅनॉल चालू आहे. दुसऱ्या बैठकीला तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसून होतात. डॉक्टरांनी डब्यातून नवे ग्लोव्हज काढून घातले, इथवर ठीक. मग त्याच हातांनी वरचा लाइट खाली ओढला, ड्रॉवर उघडून काहीतरी शोधलं, मध्येच फोन वाजला तर तो उचलून ‘दहा मिनिटांत करतो’ म्हणाले, आणि तोच हात परत आईंच्या तोंडात. तुम्ही तेव्हा गप्प राहिलात, पण घरी आल्यावर चैन पडेना. आता विचारताय, यातून काही रोग लागला असेल का, आणि डॉक्टर बदलावेत का.

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी 27 वर्षं दात बघते आहे. सरळ उत्तर आधी देते: फोनची गोष्ट चूकच, आणि ती तुमच्या नजरेला खटकली यात शंकेखोरपणा काही नाही. पण त्या फोनमुळे आईंना एचआयव्ही किंवा कावीळ झाली असेल ही धास्ती मात्र सोडा. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. काविळीचा हिपॅटायटिस बी विषाणू मात्र चिवट, वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस जिवंत राहू शकतो. पण त्यासाठी त्या फोनवर आधी कुणाचं तरी रक्त लागलेलं असायला हवं आणि ते आईंच्या जखमेपर्यंत पोचायला हवं. एका कॉलमधून हे सगळं जुळून येणं फार अवघड. मला काळजी वाटते ती त्या सवयीची. जो हात सहज फोनकडे जातो तो दिवसभरात आणखी कुठेकुठे जात असेल, हा विचार करायला लावणारा प्रश्न आहे.

आता त्या डॉक्टरांची थोडी बाजू घेते, कारण असं का होतं हे मला आतून माहीत आहे.

ग्लोव्हज मुळात पेशंटसाठी आलेच नव्हते. 1890 च्या आसपास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणातल्या मर्क्युरिक क्लोराइडने पुरळ उठायचं, म्हणून हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करवून घेतले. (पुढे दोघांनी लग्न केलं, ते वेगळं.) दातांच्या डॉक्टरांनी त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षं उघड्या हातांनीच काम केलं. मी 1992 ला बीडीएसला गेले तेव्हा आमच्या कॉलेजात ग्लोव्हज दिसायचे ते फक्त दात काढायच्या विभागात, आणि तेही वापरलेलेच. ते धुवायचे, उलटे करून दोरीवर वाळत घालायचे, आत टाल्कम पावडर मारायची, फुंकर भरून भोक आहे का बघायचं आणि पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, टाकायचे. खिडकीतल्या दोरीवर लटकणारे ते पिवळट पंजे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

मग एड्सची भीती आमच्यापर्यंत पोचली. 1990 मध्येच अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका एड्सग्रस्त डेंटिस्टच्या पेशंटची बातमी जगभर गेली होती. पुढे त्याच्या सहा पेशंटना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं आणि ती नेमकी कशी झाली याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. बातमीत लागण झाली होती पेशंटना, पण आम्ही धसका घेतला तो स्वतःच्या जिवाचा. दोन-चार वर्षांत सगळ्यांच्या हातात ग्लोव्हज आले. म्हणजे आमच्या पिढीच्या हाडात ग्लोव्ह शिरला तो ‘मला वाचवणारी वस्तू’ म्हणून. हात झाकला की आपण सुरक्षित, मग तो हात कुठेही फिरू दे. उघड्या बोटाला लाळ लागली तर माणूस फोन उचलायच्या आधी निदान कुठेतरी पुसतो. ग्लोव्हच्या आत बोट कोरडंच असतं, त्याला काही कळत नाही.

मलाही कळत नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी एका रविवारी क्लिनिक बंद असताना आम्ही एक प्रयोग केला. दातांवरचा मळ दाखवायला एक गुलाबी रंग मिळतो, शाळेतल्या मुलांना आम्ही तो लावून दाखवतो. तो मी ग्लोव्हजच्या बोटांना चोपडला, चेअरवर प्लास्टिकच्या दातांचा जबडा बसवला आणि नेहमीच्या पद्धतीने एक साधं सिमेंट भरलं. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम. उठून बघते तर लाइटच्या दांड्यावर गुलाबी, चेअरच्या बटणावर गुलाबी, सिमेंट कडक करायच्या निळ्या लाइटच्या ट्रिगरवर, बाटलीच्या झाकणावर, माउसवर, चष्म्याच्या काडीवर, मास्कवर अगदी नाकाच्या शेंड्याशी. क्लिनिकात मदतीला असणाऱ्या आमच्या मावशी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, “मॅडम, होळीच खेळलात की.” हसले मी, पण ड्रॉवर उघडल्यावर हसू गेलं. आत कापसाच्या गुंडाळ्यांचा डबा होता. तो डबाही गुलाबी, आणि वरच्या तीन-चार गुंडाळ्याही. त्या गुंडाळ्या पुढच्या पेशंटच्या गालात जाणार होत्या.

म्हणून तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींना मी एकसारखे गुण देणार नाही.

लाइटचं म्हणाल तर परिस्थितीवर आहे. त्याच्या दांड्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं होतं का, आठवून बघा. आमच्याकडे जेवण झाकायची असते तसली फिल्म लाइटला, बटणांना, निळ्या लाइटच्या मुठीला गुंडाळतात आणि दर पेशंटनंतर सोलून टाकतात. तशी असेल तर तिथे फक्त आईंचीच लाळ लागली आणि आईंकडेच परत गेली, हरकत नाही. नसेल, तर दोन पेशंटच्या मध्ये ती जागा कुणी जंतुनाशकाने पुसते का, यावर सगळं आहे. ड्रॉवर त्याहून वाईट, कारण चाललेल्या कामातला हात स्वच्छ सामानात जातो आणि नुकसान आईंचं नाही, त्यांच्या मागून येणाऱ्याचं होतं. आईंच्या आधी कोण बसलं होतं आणि तेव्हा तो ड्रॉवर कसा उघडला गेला, हे तुम्ही पाहिलेलं नाही. आणि फोनला तर माझ्याकडे कुठलीच सबब नाही. तो संडासापासून भाजीबाजारापर्यंत सगळीकडे जाऊन आलेला असतो. एकतर घ्यायचा नाही, नाहीतर ग्लोव्हज काढून, बोलून, हात धुऊन नवे घालायचे.

त्या रविवारनंतर आम्ही काय बदललं तेही सांगते, म्हणजे काय शक्य आहे याचा तुम्हाला अंदाज येईल. लागणारं सगळं सामान पेशंट बसायच्या आधी ट्रेमध्ये. तरी काही राहिलं तर ते मावशी काढून देतात, वेगळ्या स्वच्छ चिमट्याने. मावशी कामात असतील तर मी ग्लोव्हवर आणखी एक ढगळ प्लास्टिकचा मोजा चढवते, केसांच्या डायच्या डब्यात येतो ना तसला, आणि मग ड्रॉवर उघडते. माझा फोन बाहेर काउंटरवर. आणि मावशींना पूर्ण परवानगी आहे: माझा हात चुकून भलतीकडे निघाला की त्या नुसतं “मॅडम, हात!” म्हणतात. पेशंटसमोर म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता पेशंटच हसतात आणि बरं वाटतं त्यांना. गेल्या महिन्यात दोनदा ऐकलं मी ते, म्हणजे सवय काही गेलेली नाही.

तुम्ही जाता जाता विचारलंय की फोननंतर डॉक्टरांनी ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळलं असतं तर चाललं असतं का. नाही. काही ठिकाणी एकच जोड स्पिरिटने पुसून दिवसभर वापरतात; माझ्याकडे आलेल्या एका नव्या डॉक्टर मुलीला आधीच्या क्लिनिकात हेच शिकवलं होतं. तपासणीचे ग्लोव्हज एकदाच वापरायला बनवलेले असतात. साबणाने किंवा स्पिरिटने ते चिकट होतात, बारीक भोकं वाढतात आणि ओल आत झिरपते. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या ग्लोव्हजमध्येही थोडे सदोष निघतातच. म्हणून तर नमुन्याच्या मोज्यांत लिटरभर पाणी भरून ते गळतात का बघतात. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, जी पेशंट सहसा बघत नाहीत: ग्लोव्हज घालायच्या आधी डॉक्टरांनी हात धुतले का? आणि काढल्यावर? आत घाम येतो, ऊब असते, जंतूंना आणखी काय हवं. शिवाय न धुतलेला हात थेट डब्यात घातला तर वरचे चार मोजे तिथेच गेले. एक जोड साधारण सहा-सात रुपयांना पडते. दिवसाला पंधरा पेशंट आणि प्रत्येकी दोन जोड धरल्या तरी दोनशे रुपयांच्या आसपास. रूट कॅनॉलच्या बिलात हे कुठे दिसतही नाही.

आता मात्र तुम्हाला जरा ग्लोव्हजवरून बाजूला घेऊन जाते, कारण पेशंटचं सगळं लक्ष तिथेच अडकतं. ते समोर दिसतात ना!

तमिळनाडूतलं वाणियंबाडी तुम्ही कदाचित ऐकलं असेल. 2022-23 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना मेंदूच्या एका गंभीर संसर्गाचे पेशंट लागोपाठ दिसू लागले. माग काढता काढता त्यांतल्या दहा जणांचा धागा वाणियंबाडीतल्या एकाच दातांच्या दवाखान्यापाशी पोचला. तिथे सलाइनची बाटली उघडायला हिरडी बाजूला करायचं हत्यार, पेरिऑस्टील एलिव्हेटर, वापरत होते आणि उरलेलं सलाइन तसंच ठेवून पुढच्या पेशंटला वापरत होते. त्या सलाइनमध्ये बर्खोल्डेरिया स्यूडोमलाई हा मातीपाण्यात राहणारा जिवाणू सापडला. दहापैकी आठ जण दगावले. कोरे करकरीत ग्लोव्हज घालून ते सलाइन ओतलं असतं तरी काय फरक पडला असता? उघडी राहिलेली बाटली आणि ती उघडायला वापरलेलं हत्यार, एवढ्यावर आठ माणसं गेली.

आपल्याकडे लहान गावांतून भुलेच्या औषधाची तीस मिलिची बाटली सर्रास वापरतात, मीही वापरते. तिचीही गोष्ट हीच. दर पेशंटला नवी सिरिंज आणि नवी सुई, आणि एकदा तोंडात गेलेली सुई उरलेलं औषध ओढायला परत त्या बाटलीत जाता कामा नये. भूल कमी पडली आणि डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शन भरलं, तर तेव्हा नवी सुई घेतली का तेवढं बघा.

मग हत्यारं. ‘आम्ही सगळं उकळून घेतो’ हे उत्तर पुरेसं नाही. उकळतं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही आणि काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं कवचात झोपलेलं रूप, त्यातून सहीसलामत बाहेर येतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ 121 अंशांला पंधरा-वीस मिनिटं किंवा 134 अंशांला निदान तीन मिनिटं लागते, आणि हत्यार पाउचमध्ये सीलबंद असेल तर ते वापरेपर्यंत तसंच राहतं. पाउचवर रंग बदलणारी पट्टी असते. ती फक्त पाउच गरम झालं एवढंच सांगते, आतले जंतू मेले असं नाही. त्यासाठी बीजाणूंची वेगळी चाचणी अधूनमधून करावी लागते. पण पाउच तुमच्यासमोर फाडलं जाणं ही चांगली खूण आहे. त्यातही मी सगळ्यात आधी विचारेन ते हँडपीसबद्दल, म्हणजे ते शिट्टीसारखं वाजणारं ड्रिल. थांबताना ते तोंडातली लाळ थोडी आत ओढून घेऊ शकतं, त्यामुळे वरून स्पिरिटने पुसून भागत नाही. दर पेशंटला ते ऑटोक्लेव्ह झालेलं हवं. दिवसाला पंधरा पेशंट असतील तर एका हँडपीसवर हे जमणारच नाही, चार-पाच हवेत, आणि ते स्वस्त नसतात. खरी कंजुषी तिथे होते.

डॉक्टरांशी बोलायचं कसं? तुमची अडचण समजते. आई चेअरवर, तोंड उघडं, आणि आपण डॉक्टरांची चूक काढायची म्हणजे पंचाईत. फोन ठेवल्या क्षणी साधं म्हणायचं, “डॉक्टर, आईला शुगर आहे, जरा ग्लोव्हज बदलून घ्याल का?” कारण आईच्या अंगावर ढकला, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही. मला कुणी असं म्हणालं तर मी दोन सेकंद ओशाळेन आणि बदलेन. आत्ता वेळ निघून गेली असली तरी पुढच्या बैठकीआधी फोन करून विचारा: हँडपीस दर पेशंटला ऑटोक्लेव्ह करता का, आणि हत्यारं पाउचमध्ये असतात का. चांगला डॉक्टर ‘या, दाखवतो’ म्हणेल. माझ्याकडे विचारलं तर मी आतल्या खोलीत नेऊन मशिन दाखवते. उडवाउडवी झाली किंवा ‘तुम्हाला काय कळतं’ असा सूर लागला तर डॉक्टर बदला, अर्धवट रूट कॅनॉल दुसरे डॉक्टर पूर्ण करू शकतात, तोवरचे एक्स-रे मात्र मागून घ्या. उत्तरं नीट मिळाली, तर एका फोनकॉलसाठी मी डॉक्टर बदलणार नाही. चुकणारा पण ऐकणारा डॉक्टर मला परवडतो.

आईंच्या बाबतीत आणखी एक विचारा, रबर डॅम लावणार का. दाढेभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा असतो, त्यातून फक्त ती एक दाढ बाहेर डोकावते. 1864 पासून ही युक्ती आहे आणि अजून कितीतरी ठिकाणी कंटाळा केला जातो. रूट कॅनॉलमध्ये उघड्या नलिकेत जंतू जाण्याची सगळ्यात मोठी वाट म्हणजे पेशंटची स्वतःचीच लाळ. डॅम असेल तर ती अडते, आणि नलिका घासायची सुईसारखी बारीक फाइल हातातून सुटली तरी घशात जात नाही. डायबेटिसमध्ये संसर्ग लवकर आटोक्यात येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी याचं मोल जास्त. शुगरचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. रबराची, म्हणजे लेटेक्सची, ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा. नायट्राइलचे ग्लोव्हज आणि लेटेक्सशिवायचा डॅम, दोन्ही मिळतात.

आणि कॅपचं माप घ्यायच्या दिवशी तुम्ही पुन्हा त्या स्टुलावर असाल तर एक दृश्य कदाचित दिसेल: डॉक्टर ग्लोव्हज काढून ठेवतील आणि दोन रंगांच्या पिठाच्या गोळ्यांसारखं काहीतरी उघड्या हातांनी मळायला लागतील. तेव्हा घाबरू नका. लेटेक्समधल्या गंधकामुळे ते सिलिकॉन घट्ट होत नाही आणि माप फसतं, म्हणून ग्लोव्हज काढतात. हात त्याआधी साबणाने धुतलेले हवेत, एवढंच बघा. मी तेवढ्यापुरते विनाइलचे घालते.